आई-बाबा, सईची ॲडमिशन झाली

प्रिय आई-बाबा,

सईची ॲडमिशन झाली. फिजिओथेरपीला, आणि आपल्या नाशिकलाच. फी भरली, ओरिजिनल कागदपत्रं कॉलेजात जमा झाली, त्यामुळे आता यात काही बदल होणार नाही. फोनवरही सांगता आलं असतं पण बाबा, फोनवर तुम्ही "बरं" म्हणता आणि फोन आईकडे देता, आणि मग दोन दिवसांनी आई मला सांगते की बाबा नीट जेवले नाहीत. म्हणून लिहितेय. चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईलाही वाचून दाखवा.

तुमच्या मनात काय होतं ते मला माहितीय. माझ्या वेळी जे डॉक्टर होणं राहिलं ते सईच्या वेळी होईल. तिने अजून एक वर्ष रिपीट करावं, क्लासची फी मी भरतो, असं तुम्ही म्हणालात ते मी कधीच विसरणार नाही. पण बाबा, तिने रिझल्टच्या आधीच हे ठरवलं होतं, तिला कोणी ढकललेलं नाही. आणि नीटची परीक्षा फिजिओथेरपीलाही द्यावीच लागते, सरकारच्या सीईटी सेलच्या राउंडमधूनच नंबर लागलाय, कुठे वशिला नाही की डोनेशन नाही.

मालिश शिकायला इतकी वर्षं कशाला, असं तुम्ही विचारलंत ना, ते माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून मी विद्यापीठाचा अख्खा सिलॅबस काढून बसले. विद्यापीठ म्हणजे आपलं म्हसरूळचंच, आरोग्य विज्ञान, १९९८ ला निघालं ते. एमबीबीएसच्या पोरांची डिग्री जिथून येते तिथूनच सईची येणार. पहिल्या वर्षी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, म्हणजे हाडं, स्नायू, नसा सगळं पाठ, तेही नुसतं पुस्तकातून नाही तर डिसेक्शन हॉलमध्ये देहदान केलेल्या माणसाच्या शरीरावर बघून. सोबत कायनेसिऑलॉजी, शरीर हलतं कसं त्याचं शास्त्र. दुसऱ्या वर्षी पॅथॉलॉजी, फार्माकॉलॉजी, मानसशास्त्र. तिसऱ्या वर्षी मेडिसिन, सर्जरी, ऑर्थोपेडिक्स. चौथ्या वर्षी हाडं-सांध्यांचे पेशंट वेगळे, मेंदू आणि नसांचे वेगळे, हृदय-फुप्फुसांचे वेगळे, शिवाय घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांचं आणि गावपातळीवरचं काम. मग इंटर्नशिप.

आणि ती शेकायची मशीनं, करंटची मशीनं, त्यांचाच एक मोठा विषय आहे, इलेक्ट्रोथेरपी. त्यात मशीन कधी लावायचं याच्याइतकंच कधी लावायचं नाही हेही शिकवतात. आपल्या काकूंना पेसमेकर आहे ना, त्यांच्या खांद्याला कोणी डायथर्मी, म्हणजे आतपर्यंत शेक देणारं मशीन, लावलं तर पेसमेकर बिघडून जिवावर बेतू शकतं. हे कळायला डिग्री लागते बाबा, तेल आणि जोर असून भागत नाही.

काकांच्या बायपासनंतर आयसीयूत एक बारीकशी मुलगी यायची, आठवते? छातीशी उशी घट्ट धरून खोका म्हणायची आणि काका तिच्यावर चिडायचे. ते तीन गोळ्यांचं प्लॅस्टिकचं यंत्र होतं बघा, श्वास ओढला की गोळ्या वर जायच्या, ६००, ९००, १२०० असं लिहिलेलं, तेही तिनेच दिलं होतं. आपण सगळे तिला सिस्टर म्हणायचो. ती फिजिओथेरपिस्ट होती. फुप्फुसात कफ साठून न्युमोनिया होऊ नये म्हणून ते सगळं चाललं होतं. सई तेव्हा सातवीत होती आणि कॉरिडॉरमध्ये बसून त्या मुलीकडेच बघत असायची. मला वाटतं तिचं तिथेच ठरलं.

आणि मोठी आई. तिचं नाव काढलं की आई तुला त्रास होतो, म्हणून थोडक्यातच लिहिते. अर्धांगवायूनंतर मेंदूचा जो भाग गेला तो गेला, पण उरलेला मेंदू त्याचं थोडंफार काम उचलू शकतो, फक्त तीच हालचाल पुन्हा पुन्हा करून घ्यायला कोणीतरी लागतं. तेव्हा आपल्याकडे तसं सांगणारं कोणी नव्हतंच. तू तिचं जेवढं केलंस तेवढं कोणीच केलं नसतं, हे मी लहान होते तरी बघितलंय. सई हे शिकणार आहे एवढंच मला म्हणायचंय.

आता राहण्याचं. ती हॉस्टेलला राहील. आई, लगेच डोळे पुसू नकोस. कॉलेज शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, पंचवटीतून रोज दोन बस, आणि पहिल्या वर्षी रात्री बारा-एकपर्यंत अभ्यास, मग तू तिच्यासाठी जागी राहणार आणि तुझी शुगर वाढणार. मी खोली बघून आले, खिडकी पूर्वेला आहे, सोलरचं गरम पाणी आहे, मेसची पोळी मऊ असते, मी खाऊन बघितली. नाशिकची थंडी तिला झेपायची नाही, तुझी ती निळी गोधडी तिला दे. शनिवारी दुपारी ती तुमच्याकडे येईल ते सोमवारी सकाळीच जाईल, म्हणजे पुण्यातून येत होती त्यापेक्षा जास्तच दिसेल तुम्हाला.

आमच्या शेजारची मुलगी फायनल इयरला आहे, तिने परवा माझ्या गुडघ्यावर गोनिओमीटर लावून दाखवला. दोन पट्ट्यांचा कोनमापकच, एक पट्टी मांडीच्या रेषेत, एक पायाच्या, आणि गुडघा वाकवला की अंश वाचायचे. माझा १३५ पर्यंत गेला. मला एकदम तुमचा उजवा गुडघा आठवला बाबा. गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं का ते बघायला तुम्ही मला खांद्यावर घेऊन जायचात, अख्खा घाट गर्दीने भरलेला, आणि मला खाली उतरायचंच नसायचं. त्या गुडघ्यांनी मला उचललंय, त्यांची अशी आबाळ मला नाही बघवत.

म्हणून आता ऐका. घाटाच्या पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि काठी डाव्या हातात धरायची. सकाळी पलंगावर बसून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, जरा धरायचा, सोडायचा. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो. दुखलं तर थांबायचं, आणि आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, मी म्हणते म्हणून नको. आई, विळीवर खाली बसून भाजी चिरणं बंद, ओट्यावर सुरीने चिर. पुढच्या खोलीतली ती सतरंजी गुंडाळून ठेव, पाय अडकतो तिच्यात. आणि बाथरूममध्ये दांडी बसवायचीय, त्यावर वाद नको.

शेवटचं एक, हात जोडून. सई आली की तिच्यासमोर "पुढच्या वर्षी बघू" असं म्हणू नका. मनात असलं तरी मला फोन करून बोला, मी सगळं ऐकून घेईन. तिला तुमचं मत फार लागतं बाबा, माझ्यापेक्षाही. पहिल्या शनिवारी ती हाडांची नावं पाठ करत येईल, तुम्ही तिची तोंडी परीक्षा घ्या, माझी घ्यायचात तशी, पुस्तक तुमच्या हातात आणि चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून.

दिवाळीत आम्ही चार दिवस येतोय. फराळाचं सगळं एकटीने करत बसू नकोस, चकली मी इथूनच आणते.

तुमची,
मनू

ता.क. दांडी आणि कमोड बसवणारा मंगळवारी दहा वाजता येईल. बाबा, त्या दिवशी गंगेवर जाऊ नका, घरी थांबा.