पंचवीस पॉइंटचा कोच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या क्रीडा पुरवणीत अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉल (म्हणजे हातात बॉल घेऊन पळायचा तो अमेरिकन फुटबॉल) कोचेसच्या पगारांवरचा लेख वाचला. आकडे छान दिलेत, पण शेवटी लेखक जे म्हणतात की असिस्टंट कोचलासुद्धा मिलियन डॉलर मिळतात तर रिझल्ट द्यायलाच हवा आणि नाही दिला तर काढून टाका, त्यात काय एवढं, ते वाचून राहवलं नाही म्हणून हे लिहितोय. मी बरीच वर्षं आयोवात राहतो आणि नोकरी एचआरमधली, म्हणजे माणसं घ्यायची, वर्षाच्या शेवटी त्यांना मार्क द्यायचे आणि ज्यांना कमी दिले त्यांच्या शिव्या खायच्या. त्यामुळे शनिवारी सगळे स्कोअर बघत असतात तेव्हा माझं लक्ष साइडलाइनवर हेडसेट घालून हातवारे करणाऱ्या मंडळींकडे जातं. रिझल्ट द्या म्हणणं सोपं आहे हो, पण कुणाचा रिझल्ट? फुटबॉलमध्ये एका प्लेला, म्हणजे आखलेल्या एका चालीला, अकरा जण हलतात, त्यातल्या पाच जणांना एक कोच शिकवतो, दोघांना दुसरा, प्ले बोलावतो, म्हणजे कुठली चाल खेळायची ते सांगतो, तिसराच, आणि पोरगं मुळात कॉलेजात आणलं होतं चौथ्याने, जो आता दुसऱ्या युनिव्हर्सिटीत आहे.

आमच्या आयोवाचंच सांगतो, कारण ह्या विषयावर ह्याच्याइतकं चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. कर्क फेरेन्ट्झ १९९९ पासून हेड कोच आणि २०१७ पासून त्यांचा मुलगा ब्रायन ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे ऑफेन्सचा, पॉइंट करायच्या बाजूचा, मुख्य असिस्टंट. नातेवाइकांबद्दलचा नियम आडवा येऊ नये म्हणून मुलाचा बॉस कागदावर बाप नाही तर अॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या सगळ्या खेळांचा प्रमुख. कागदावर, बरं का. २०२२ मध्ये ऑफेन्स इतका रडला की बॉल किती यार्ड पुढे नेला ह्या हिशोबात १३१ टीममध्ये १३०वा नंबर. लोक खवळले, पेपरवाले खवळले, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत युनिव्हर्सिटीने त्याचं काँट्रॅक्ट बदललं. पगार ९ लाख डॉलरवरून साडेआठ लाख, आणि अट अशी की टीमने मॅचमागे सरासरी २५ पॉइंट करायचे आणि किमान ७ मॅच जिंकायच्या, तर बोनस आणि काँट्रॅक्ट वाढवून मिळेल, नाहीतर संपलं.

आता ह्यातली गंमत बघा. त्या २५ मध्ये सगळे पॉइंट धरलेले. डिफेन्सने, म्हणजे अडवणाऱ्या बाजूने, बॉल पकडून टचडाऊन केला, म्हणजे शेवटच्या रेषेपलीकडे नेला, तरी ते ऑफेन्स कोचच्या खात्यात, समोरच्यांनी लाथेने उडवलेला बॉल परत पळवून, म्हणजे पंट रिटर्नवर, टचडाऊन झाला तरी त्याच्याच खात्यात. म्हणजे शेजारच्या पोराचे मार्क आपल्या पोराच्या प्रगतिपुस्तकात! मी ऑफिसात असलं अप्रेझल कुणाचं केलं असतं तर मलाच दारातून बाहेर काढलं असतं. आणि मग सीझनभर तमाशा, तेरा मॅच गुणिले २५ म्हणजे ३२५, आज किती झाले, अजून किती लागतील, लोक मॅच जिंकल्यावरही पॉइंट मोजत बसलेले. टीमचा मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा सूत्रधार, सप्टेंबरच्या शेवटी गुडघा मोडून घरी बसला, ते त्या आकड्याला कुठे माहीत असणार. ३० ऑक्टोबरला युनिव्हर्सिटीने जाहीर केलं की सीझन संपल्यावर ब्रायन राहणार नाही. तेव्हा टीम किती जिंकलेली माहितीये? आठपैकी सहा. सीझनच्या शेवटी, एक जादा मॅच धरून, १० जिंकल्या, ४ हरल्या, आणि सरासरी १५.४ पॉइंट. त्या वर्षीचा आमचा खरा हिरो कोण तर पंटर, म्हणजे ऑफेन्स अडला की बॉल लाथेने लांब उडवून देणारा, ऑस्ट्रेलियाहून आलेला टोरी टेलर. आपल्याकडे पंटर म्हटलं की भाईच्या मागे फिरणारा माणूस डोळ्यासमोर येतो, इथे स्टेडियम उभं राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होतं.

आणि त्याच वर्षी, त्याच टीममधल्या डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर फिल पार्करला ब्रॉयल्स अवॉर्ड मिळालं, म्हणजे देशातला सर्वोत्तम असिस्टंट कोच. हे अवॉर्ड १९९६ पासून देतात. एकाच बिल्डिंगमध्ये, एकाच बॉसच्या हाताखाली एकाला देशातलं पहिलं बक्षीस आणि दुसऱ्याची उचलबांगडी. त्यामुळे हेड कोच चांगला की सगळे चांगले हे जे लोक गृहीत धरतात ते जरा तपासून बघावं.

ब्रायन गेला ते चुकलं असं मी म्हणत नाहीये, जायलाच हवा होता, खरं तर एक वर्ष आधी. पण कशासाठी घेतला होता ते कुणी विचारत नाही. २०१६ मध्ये तो ऑफेन्सिव्ह लाइनचा, म्हणजे क्वार्टरबॅकपुढे भिंत करणाऱ्या पाच जणांचा, कोच होता आणि त्या लाइनला जो मूर अवॉर्ड मिळालेलं, हे देशातल्या सर्वोत्तम लाइनला देतात, एका खेळाडूला नाही तर अख्ख्या लाइनला. म्हणजे माणूस आपल्या कामात पक्का. मग झालं प्रमोशन! लाइन शिकवणं आणि अख्ख्या ऑफेन्सचे प्ले रचून काही सेकंदांत बोलावणं ही दोन वेगळी कामं आहेत, पण आपण कॉम्प्युटरवर चांगलं काम करणाऱ्याला मॅनेजर करतो आणि मग एक चांगला कामगार जातो आणि एक वाईट मॅनेजर मिळतो, तसलाच प्रकार. पहिल्या वर्षी ह्याच माणसाच्या ऑफेन्सने ओहायो स्टेटला ५५-२४ असं धुतलं होतं, त्यामुळे सगळ्यांना वाटलं की जमलं. एका मॅचवरून माणूस ओळखायचा म्हणजे असंच होतं. नंतर टिम लेस्टर आला आणि २०२४ मध्ये टीम आरामात २५ च्या वर गेली, तेव्हा आमच्याकडचे काही मित्र म्हणाले बघ, आकडा बरोबरच होता ना. अरे, आकडा बरोबर होता हे कुठे सिद्ध झालं, माणूस चुकीच्या खुर्चीत होता एवढंच सिद्ध झालं.

उलट बाजूही आहेच. जॉश गॅटिस मिशिगनचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, २०२१ मध्ये टीमने ओहायो स्टेटला हरवलं, बिग टेन ही लीग जिंकली, आणि ब्रॉयल्स अवॉर्ड त्याला. लगेच मायामी युनिव्हर्सिटीने उचलला. तिथे टीम ५-७, म्हणजे पाच जिंकल्या, सात हरल्या, आणि जानेवारी २०२३ मध्ये मायामीने काढलाही. अकरा-बारा महिन्यांत माणूस हुशारचा ढ झाला का? त्याच्या मिशिगनच्या लाइनलाही त्या वर्षी जो मूर अवॉर्ड मिळालेलं होतं, ती लाइन त्याच्याबरोबर मायामीला थोडीच आली.

आता भरतीचं बोलू. बाहेरच्यांना वाटतं की एवढा पगार तर निवडही तशीच कडक असेल. कसलं काय! पब्लिक युनिव्हर्सिटी असेल तर जाहिरात निघते, पण बहुतेक वेळा जाहिरात निघते तोवर माणूस ठरलेला असतो. दर जानेवारीत कोचेसच्या असोसिएशनचं अधिवेशन भरतं आणि तिथली खरी सभा हॉटेलच्या लॉबीत, जिथे नोकरी गेलेले कोच पोलो शर्ट घालून उभे असतात आणि ज्यांच्याकडे जागा आहे ते हात मिळवत फिरतात. ओळखीपाळखी वाईटच असं नाही, ज्याच्याबरोबर काम केलंय त्याची खात्री असते, पण त्यात प्रश्न विचारायचे राहून जातात. बरा हेड कोच निदान उमेदवाराला फळ्यासमोर उभा करतो, हा डिफेन्स समोर आला तर काय करशील, हे एकोणीस वर्षांच्या पोराला कसं समजावशील, चल शिकव मला. मला विचाराल तर ह्या दोन तासांत जे कळतं ते रेझ्युमेवर दहा वर्षांत कळत नाही.

एलएसयूचं, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचं, पानिपत आठवा. २०१९ ला टीम १५-०, चॅम्पियन. नंतर डिफेन्सचा डेव्ह अरँडा हेड कोच म्हणून बेलरला गेला आणि ऑफेन्समधला जो ब्रेडी एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये. अरँडाच्या जागी बो पेलिनी आणला, ज्याने पूर्वी इथेच चॅम्पियनशिप टीमचा डिफेन्स सांभाळला होता, म्हणजे ओळखीचा, नाव मोठं. पण त्याची पद्धत वेगळी आणि पोरं शिकलेली अरँडाची पद्धत. सप्टेंबर २०२० मध्ये पहिल्याच मॅचला मिसिसिपी स्टेटच्या क्वार्टरबॅकने ६२३ यार्ड फेकले, एसईसी ह्या त्यांच्या लीगचा रेकॉर्ड. चॅम्पियन टीम पुढच्या वर्षी ५-५ आणि पेलिनी एका सीझनमध्ये घरी, जाताना सुमारे ४० लाख डॉलर घेऊन. त्यात त्याचाही एकट्याचा दोष नाही, ज्याने त्याला ह्या पोरांसाठी निवडला त्याला विचारा की निवडताना पोरं कुठली आहेत हे पाहिलं होतं का.

ह्यात निक सेबनची युक्ती मला सगळ्यात आवडते. अलाबामाचे हेड कोच असताना ते नावं खराब झालेल्या कोचेसना आधी अॅनलिस्ट म्हणून ठेवायचे. स्टीव्ह सार्किसियन २०१६ मध्ये असाच आला, मैदानावर शिकवायची परवानगी नाही, फक्त व्हिडिओ बघा आणि नोट्स काढा. मग ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर लेन किफिन गेल्यावर थेट फायनलला त्याच्या हातात प्ले कॉलिंग. ती हरले, पण पुढे २०२० मध्ये त्याच सार्किसियनला ब्रॉयल्स अवॉर्ड आणि टीमला चॅम्पियनशिप. वर्षभर माणूस रोज सकाळी किती वाजता येतो, चुकल्यावर काय करतो हे डोळ्यांनी बघून मग घ्यायचा, ह्याहून चांगला इंटरव्ह्यू कुठला! अर्थात असे अॅनलिस्ट पोसायला पैसे लागतात, ते सगळ्यांकडे नसतात, आणि आता २०२५ पासून खेळाडूंनाही युनिव्हर्सिट्या वर्षाला २ कोटी डॉलरच्या वर वाटू शकतात म्हटल्यावर तिजोरीवर ताण आलेलाच आहे.

मग मार्क द्यायचे कसे? मी असतो तर स्कोअरबोर्ड झाकून ठेवला असता आणि प्रत्येक कोचची खोली बघितली असती. इथे खोलीच म्हणतात, क्वार्टरबॅकची रूम, रिसीव्हरची रूम. पोरगं आलं तेव्हा काय होतं आणि तिसऱ्या वर्षी काय झालं? पुन्हा फिल पार्करकडेच येतो. कूपर डिजीन लहानशा गावातल्या शाळेत क्वार्टरबॅक होता, त्याला आयोवाने डिफेन्समध्ये उभा केला आणि तो ऑल-अमेरिकन झाला, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत आला. त्याआधी डेझमंड किंग, ज्याच्यामागे मोठ्या युनिव्हर्सिट्या लागल्या नव्हत्या, त्याने २०१५ मध्ये देशातल्या सर्वोत्तम डिफेन्सिव्ह बॅकचं, म्हणजे डिफेन्सच्या मागच्या फळीतल्या खेळाडूचं, थॉर्प अवॉर्ड घेतलं. एखादा असा निघाला तर नशीब म्हणा, ओळीने निघत राहिले तर ते कोचचं काम. शिवाय व्हिडिओ लावून बघा ना, दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू आत आला तर खोली कोसळते का, एकच चूक सप्टेंबरातही आणि नोव्हेंबरातही दिसते का. पोरं ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलणाऱ्यांच्या यादीत, किती गेली हेही बघा पण जपून, हल्ली बरीच पैशासाठी जातात. शाळेतून आणलेल्या पोरांचे रिक्रूटिंगचे स्टार मोजून कोचला शाबासकी देणं मात्र मला अजिबात पटत नाही, चार स्टारची पोरं आणून त्यांचं दोन स्टारचं मातेरं करणारे महाभाग मी बघितलेत.

पदव्यांचं तर नाव सोनूबाई. को-ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, पासिंग गेम कोऑर्डिनेटर, रन गेम कोऑर्डिनेटर, असिस्टंट हेड कोच, आणि प्ले बोलावणारा भलताच. चुकलं की खापर कुणावर ते कळू नये ह्याचीच सोय.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २०१८ मध्ये मेरीलँडचा जॉर्डन मॅकनेअर, वय १९, मे महिन्यातल्या ट्रेनिंगमध्ये उष्माघाताने कोसळला आणि जूनमध्ये गेला. स्ट्रेंथ कोच, म्हणजे व्यायाम करून घेणारा, गेला, पुढे हेड कोचलाही काढलं, युनिव्हर्सिटीने कुटुंबाला ३५ लाख डॉलर दिले. चौकशीच्या अहवालात काय निघालं तर हा स्ट्रेंथ कोच नेमका कुणाला उत्तर देतो हेच धड ठरलेलं नव्हतं. वर्षभर पोरांच्या सगळ्यात जवळ असणारा हा माणूस, आणि त्याचं अप्रेझल कोण करतं तर कुणीच नाही! त्याचे मार्क डॉक्टर आणि ट्रेनरच्या हातात असावेत, हेड कोचच्या नाही, आणि सीझन संपून जाणाऱ्या पोरांना बंद खोलीत बसवून विचारावं की हा तुमच्याशी कसा वागायचा, ते सांगतात, आता घाबरायचं कुणाला.

आणि शेवटी एवढं सगळं मोजून उपयोग किती, कारण हेड कोच गेला की असिस्टंटही गेलाच समजा. जिम नोल्स ओहायो स्टेटचा डिफेन्स चालवायचा, २०२४ ला समोरच्यांना मॅचमागे फक्त १२.९ पॉइंट दिले, चॅम्पियनशिप जिंकली. लगेच पेन स्टेटने वर्षाला ३० लाखांवर पगार देऊन पळवला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पेन स्टेटने हेड कोचलाच नारळ दिला. नव्या साहेबाला आपली माणसं हवी असतात, जुन्याचं प्रगतिपुस्तक उघडून बघायला वेळ कुणाला. म्हणून असिस्टंटच्या मार्कांचा निदान एक कागद अॅथलेटिक डायरेक्टरच्या कपाटात हवा, हेड कोचच्या नाही.

जाता जाता एक दुरुस्ती. लेखात लिहिलंय की टीमला दहाच असिस्टंट मैदानावर शिकवू शकतात. तो नियम २०१८ चा, त्याआधी नऊ होते. जून २०२४ पासून एनसीएएने, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम करणाऱ्या संघटनेने, मैदानावर शिकवणाऱ्यांची मर्यादा काढलीये, आता अॅनलिस्टही प्रॅक्टिसला आणि मॅचला शिकवतात, मर्यादा उरलीये ती बाहेरगावी जाऊन रिक्रूटिंग करणाऱ्यांवर, हेड कोच धरून अकरा. तेवढं पुढच्या रविवारी छापा.

कळावे,
आपला एक वाचक,
आयोवा