पाडायचीच आहे, मग झाडायची कशाला?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, सणानंतर रस्त्यावर पडणारा कचरा आणि लोकांची बेफिकिरी यावर. पत्र झकास होतं, पण शेवटी त्यांनी एक वाक्य टाकलंय की ज्यांचे डोळे स्वर्गाकडे लागलेत त्यांना पायाखालची घाण दिसत नाही. सगळ्याच धर्मांना धरून लिहिलंय, आम्हालाच उद्देशून नाही, त्यामुळे राग वगैरे काही नाही. पण मी ख्रिस्ती, मूळचे आम्ही नगरकडचे, मी वाढलो ठाण्यात, नौपाड्यात, आणि स्वर्ग हा विषय आमच्या घरात भाजी काय करायची याच्याइतकाच रोजचा होता, म्हणून लिहावंसं वाटलं. लांबलं तर बिनधास्त कात्री लावा.

सुरुवात आमच्या बिल्डिंगपासून करतो. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, सत्तरच्या दशकातलं बांधकाम. २०१४ ला रिडेव्हलपमेंटची पहिली मीटिंग झाली आणि त्या दिवसापासून बिल्डिंगमध्ये एकच मंत्र सुरू झाला, "पाडायचीच आहे." जिन्यातला बल्ब गेला, पाडायचीच आहे. टाकी गळतेय, एम-सील लावा, पाडायचीच आहे. गच्चीचं वॉटरप्रूफिंग नको, ताडपत्री टाका. असं करत करत आठ वर्षं काढली आम्ही, मधे दोन बिल्डर बदलले, एका घरातलं पोरगं पहिलीत होतं ते नववीत गेलं, आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका अंधारात पायरी चुकून पडले आणि त्यांचा खुबा मोडला तेव्हा कुठे जिन्यात बल्ब आला. ठाण्यात जुन्या बिल्डिंगीत राहणाऱ्यांना हे सांगायला नको, दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक म्हणजे सी-वन बिल्डिंगींची यादी येते तेव्हा आधी आपलं नाव बघायचं मग चहा प्यायचा, आणि २०१५ ला इथेच नौपाड्यात कृष्णा निवास बिल्डिंग पडली तेव्हापासून तर ती चेष्टाही राहिली नाही.

या सगळ्या काळात आमची आई रोज सकाळी सहाला तिसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत जिना झाडायची. कोणी सांगितलं नव्हतं, झाडणारी बाई तेव्हा सोसायटीने पैसे वाचवायला बंद केलेली. सेक्रेटरी एकदा हसत म्हणाले, "मावशी, पाडायचीच आहे, झाडता कशाला?" आई म्हणाली, "पडेल तेव्हा पडेल रे, आज पायाला खडे टोचतायत ना."

आता गंमत अशी की त्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये स्वर्गाची सगळ्यात जास्त ओढ कोणाला असेल तर ती तिलाच. ट्रंकेत पांढरी साडी वेगळी काढून ठेवलेली, तिच्या घडीत चिठ्ठी, माझ्या मातीच्या वेळी कुठली गीतं म्हणायची ती, क्रमाने. त्यातली दोन रेव्हरंड नारायण वामन टिळकांची, कारण नगरची माणसं. वाढदिवसाला केक कापला की म्हणायची आता प्रभूच्या घरी जायला एक वर्ष कमी झालं, आम्ही वैतागायचो. आणि त्याच दिवशी दुपारी पाणी का आलं नाही म्हणून वॉर्ड ऑफिसला फोन करून तिथल्या माणसाचं डोकं खायची. खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ तिला चिडवायचे, तुमच्या बायबलमध्ये लिहिलंय ना तुमचं नागरिकत्व स्वर्गात आहे, मग इथल्या पाण्यासाठी कशाला भांडता. ते वाक्य खरंच आहे, येशूचा प्रेषित पौल याने फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात लिहिलेलं. पण फिलिप्पै ही मासेदोनियातली रोमन वसाहत होती, तिथल्या लोकांना रोमचं नागरिकत्व असल्याचा केवढा अभिमान, आणि त्याचा अर्थ सामान बांधून रोमला जायचं असा नव्हता, जिथे आहात तिथे रोमन रीतीने राहायचं असा होता. आईला हा इतिहास माहीत नव्हता, ती सरळ म्हणायची, "नागरिकत्व तिथलं आहे पण नळ इथला आहे."

स्वर्ग हा शब्द पण जरा गोंधळाचाच आहे. मराठीत स्वर्ग म्हटलं की इंद्र, अप्सरा, आणि पुण्याचा साठा संपला की परत खाली. आमच्याकडे तसं नाही. एक तर तो पुण्याने मिळत नाही, कृपेने मिळतो, कमाई नाहीच ती. मी कॉलेजात असताना शहाणपणा करून आईला विचारलं होतं की मग तू ही कामं करतेस त्याचा उपयोग काय, तर म्हणाली, "झाडून स्वर्ग मिळाला असता तर म्युनिसिपालटीचे सफाईवाले सगळ्यात पुढे असते." मग थोडं थांबून, "असतीलही म्हणा."

आणि दुसरं, जे आमच्या लोकांनाही बऱ्याचदा माहीत नसतं, बायबलचा शेवट माणसं उडून वर जातात असा नाहीये. प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायांत नवं आकाश आणि नवी पृथ्वी आहे, आणि पवित्र नगर वरून खाली येतं, देव माणसांमध्ये राहायला येतो. येशूचा शिष्य पेत्र याच्या पत्रात आगीची, सगळं विरघळून जाण्याची भाषा आहे हे खरं, पण तिथेच तो लगेच विचारतो की असं आहे तर तुम्ही कसं वागायला हवं, आणि पुढे परत तेच, नवी पृथ्वी. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात तर सगळी सृष्टी बाळंतिणीसारखी कळा देतेय असं म्हटलंय, म्हणजे काहीतरी जन्माला यायचंय. ठाणेकरांच्या भाषेत सांगायचं तर प्लॉट तोच आहे. (बिल्डरची आणि देवाची तुलना केली म्हणून आमचे पाळकसाहेब मला रविवारी बाजूला घेणार, पण एक सांगतो, पौलाने स्वतःच ही भाषा वापरलीय, हे तंबूचं घर मोडलं तर देवाने बांधलेलं घर आहे म्हणतो, आणि तो बोलायला लायक होता कारण त्याचा धंदाच तंबू शिवायचा.) पवित्र आत्म्याला तर आमच्या मराठी बायबलमध्ये चक्क "विसार" म्हटलंय. जागेच्या व्यवहारात देतात तोच विसार. लहानपणी मला तो काहीतरी मोठा धार्मिक शब्द वाटायचा, रिडेव्हलपमेंटच्या ॲग्रीमेंटच्या वेळी वकिलाच्या तोंडून ऐकला तेव्हा दचकलो. विसार मिळालाय म्हणजे व्यवहार पक्का, ताबा बाकी. आम्ही ख्रिस्ती लोक त्या मधल्या काळात राहतो.

या मधल्या काळात कसं राहायचं यावर भांडण जुनंच आहे. थेस्सलनीका शहराच्या मंडळीत काही लोकांनी प्रभू आता येणारच म्हणून कामधंदा सोडला असावा असं बरेच अभ्यासक मानतात, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसत फिरायचे. पौलाने त्यांना फार आध्यात्मिक काही लिहिलं नाही, जो काम करणार नाही त्याने खाऊही नये एवढंच लिहिलं. १८४४ ला अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी प्रभू परत येण्याची २२ ऑक्टोबर ही तारीख धरली होती, काही शेतकऱ्यांनी उभं पीक काढलं नाही कारण काढून करायचं काय, आणि २३ ऑक्टोबरला सकाळी पीक तसंच उभं, ते पण तसेच उभे. जुनं कशाला, २०२५ च्या सप्टेंबरात दक्षिण आफ्रिकेतल्या एका माणसाने २३-२४ तारीख सांगितली आणि रील्स फिरायला लागले, आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दिवसाला चाळीस फॉरवर्ड. एका भावाने विचारलं मग या महिन्याचा मेंटेनन्स भरू का थांबू, ॲडमिनने त्यालाच काढलं. येशूने स्वच्छ सांगितलंय की तो दिवस आणि ती घटका कोणाला माहीत नाही, पुत्रालासुद्धा नाही, तरी आमच्यातल्या काहींना ती यूट्यूबवर कळते. तर त्या वाचकाचं म्हणणं अगदीच खोटं आहे असं मी म्हणत नाही, असे लोक आमच्यात आहेत, गोळ्या बंद करून नुसत्या प्रार्थनेवर बसलेलेही मी पाहिलेत आणि त्यांच्यातल्या एकाच्या मातीलाही गेलोय.

पण दुसरी बाजू पण बघा ना. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंपेक्षा स्वर्गावर जास्त भिस्त कोणाची असणार, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात त्या बाई मध्य प्रांतात जाऊन शेकडो उपाशी मुली आणि बालविधवा घेऊन आल्या, केडगावच्या माळावर विहिरी खणल्या, शेती लावली, छापखाना घातला आणि त्याच मुलींना छपाईचे खिळे जुळवायला शिकवलं. शेवटची वर्षं बायबलचं मराठी भाषांतर करण्यात, स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून. १९२१ ला एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, बाईंना ऐकू येईनासं झालेलं, तरी काम चालूच, ते पुरं करूनच १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या. ज्यांना इथून जायची घाई असते त्या बाया विहिरी कशाला खणतील.

आता आगमनकाळ लागेल. ख्रिसमसच्या आधीचे चार रविवार, चर्चमध्ये दर रविवारी एक मेणबत्ती वाढते. बाहेर लोकांना वाटतं ही नाताळच्या खरेदीची तयारी, पण पहिल्या रविवारचं वाचन बाळ येशूचं नसतंच, तो परत येणार त्याचं असतं, जागे राहा, दिव्यात तेल ठेवा. येशूने सांगितलेला, दिवे घेऊन नवरदेवाची वाट बघणाऱ्या दहा कुमारींचा दाखला माहीत असेल काहींना. त्या दहाही जणींना डुलकी लागते हं, शहाण्यांनाही. फरक एवढाच की पाचजणींनी तेल बरोबर घेतलेलं.

आमची बिल्डिंग शेवटी २०२२ ला रिकामी केली आणि आम्ही कळव्यात भाड्याने गेलो. बिल्डर म्हणाला दोन वर्षं. आईने तेव्हाच मला हनन्याची गोष्ट सांगितली. बाबेलला (बॅबिलॉनला) कैद करून नेलेले लोक दोन वर्षांत सगळे परत येतील, असं हा संदेष्टा यरुशलेमेत सांगत होता, टाळ्याच टाळ्या. आणि यिर्मया संदेष्ट्याने त्या कैद्यांना पत्र पाठवलं (हो, पत्रच) की सत्तर वर्षं लागतील, तेव्हा तिथेच घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याचं भलं झालं तर तुमचं होईल. परक्या शहरासाठी, ज्यांनी घरदारातून उचलून नेलं त्यांच्या! मला हे पत्र बायबलमधलं सगळ्यात अवघड पान वाटतं. कळव्याला आई काही प्रवचन न देता कामाला लागली, तेलाच्या डब्यात कढीपत्ता, आणि दुसऱ्याच आठवड्यात झाडू जिन्यात. तिथे तर आमचं काहीच नव्हतं, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट. शेजारीण मला म्हणाली दादा तुमची आई पैसे घेत नाही ना झाडायचे, आम्हाला कसंतरी वाटतं.

२०२४ च्या पावसाळ्यात आई गेली. दोन वर्षं झाली होती, बिल्डिंग तिसऱ्या स्लॅबला होती. शेवटचे आठ-दहा दिवस अंथरुणावरच, बोलणं कमी झालेलं, पण एकदा हाताने मला जवळ बोलावलं, मला वाटलं आता काहीतरी मोठं सांगणार, तर म्हणाली कढीपत्त्याला पाणी घाल. चिठ्ठीतली गीतं क्रमाने झाली. एक नात म्हणाली आजीला नवीन घर मिळालंच नाही, आणि मी, इतकी वर्षं हे सगळं ऐकून वाढलेला माणूस, तिला चटकन काही उत्तर देऊ शकलो नाही. माझा विश्वास आईएवढा सरळ नाही. रात्री कधी कधी वाटतं तिकडे खरंच काही आहे का. सकाळी परत वाटतं की असल्याशिवाय बाई इतकी निश्चिंत कशी राहिली, ताबा मिळायची खात्री नसलेली माणसं आमच्या बिल्डिंगमध्ये कशी वागत होती ते मी आठ वर्षं बघितलंय, कोणी कोणाच्या दारापुढचं उचलत नव्हतं.

तर त्या वाचकाला माझा कचऱ्याच्या विषयात पूर्ण पाठिंबा आहे आणि त्यांनी लिहीत राहावं. कढीपत्ता जिवंत आहे, कुंडीत हलवलाय. आणि पुढचं पत्र लिहितील तेव्हा एक ॲड करावं, कळव्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटाराचं झाकण तीन आठवडे तुटलंय, कोणीतरी आत झाडाची फांदी खोचून ठेवलीय म्हणून लोक वाचतायत. मी दोनदा तक्रार नोंदवलीय, नंबर माझ्याकडे आहे.

आपला एक वाचक,
सध्या मुक्काम कळवा, ठाणे
(नाव छापू नये ही विनंती)