उंदरांच्या यकृतावरचे संशोधन वाया गेले नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान पुरवणीतला यकृताच्या कर्करोगावरचा लेख वाचला. लेख चांगलाच आहे, इम्युनोथेरपीचा भाग इतक्या सोप्या भाषेत क्वचित वाचायला मिळतो. खटकला तो एकच परिच्छेद. गेल्या शतकात जीवरसायनशास्त्रज्ञांनी उंदरांच्या यकृतातल्या गाठी आणि न्यूक्लिक आम्लांचे (म्हणजे डीएनए आणि आरएनए यांचे) चयापचय यांच्यामागे वर्षानुवर्षे घालवली, पण यकृताच्या रुग्णाच्या पदरात काही पडले नाही, अशा अर्थाचा निकाल लेखकाने दोन ओळींत देऊन टाकला आहे. मी नोकरीची सगळी वर्षे जीवरसायनशास्त्र शिकवण्यात काढली. हे वाचून गप्प राहवले नाही.

लेखकाचे म्हणणे अर्धे खरे आहे. या संशोधनातून निघालेले सर्वांत नावाजलेले औषध, ५-फ्लुओरोयुरॅसिल, यकृताच्या कर्करोगावर फारसे चालत नाही. पण ते जन्माला आले ते यकृताच्या गाठीतूनच, आणि ही हकीकत लेखात यायला हवी होती.

१९५४ साली अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या रटमन, कँटारो आणि पाश्किस या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना एएएफ नावाने ओळखले जाणारे रसायन खाऊ घालून त्यांच्या यकृतात गाठी निर्माण करायच्या, ही तेव्हाची रूढ पद्धत. (हे रसायन मुळात कीटकनाशक म्हणून पुढे आले होते. त्याने प्राण्यांना कर्करोग होतो हे १९४१ मध्येच उघड झाले, म्हणून ते शेतात गेले नाही. कर्करोगाच्या प्रयोगशाळांत मात्र कायमचे मुक्कामाला आले.) या उंदरांना त्यांनी किरणोत्सारी कार्बनची खूण केलेले युरॅसिल दिले. मग यकृत काढून त्यातले न्यूक्लिक आम्ल वेगळे केले आणि खुणेचा कार्बन त्यात किती उतरला ते मोजले.

युरॅसिल हा आरएनएचा एक घटक. निरोगी यकृत तो घटक बहुतांशी स्वतःच, अगदी मुळापासून घडवते. बाहेरून आलेले तयार युरॅसिल ते वापरत नाही, मोडून टाकते. गाठीतल्या पेशींनी मात्र तेच युरॅसिल उचलून आरएनएमध्ये बसवले होते. एवढेच नव्हे, ज्या यकृतात अजून गाठ झालेली नव्हती पण जे त्या वाटेला लागले होते, त्यातही हा वापर वाढलेला दिसला. घर बांधणारा एरवी आपल्या भट्टीत विटा भाजतो आणि घाई झाली की पडक्या भिंतीच्या विटाही सोडत नाही, तसा हा प्रकार.

हा निष्कर्ष अमेरिकेतल्याच मॅडिसनमधल्या मॅकआर्डल या कर्करोगाच्या प्रयोगशाळेत संशोधक चार्ल्स हायडेलबर्गर यांच्या वाचनात आला. फ्लोरीनच्या खोड्या त्यांना ठाऊक होत्या. अ‍ॅसिटिक आम्लातला एक हायड्रोजन काढून तिथे फ्लोरीन बसवला की त्याचे जहाल विष होते, कारण फ्लोरीनचा अणू लहान असतो आणि पेशीतल्या एन्झाइमना, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांना, हा बदल वेळेवर कळत नाही. गाठीला युरॅसिल हवे आहे ना, मग त्यातच फ्लोरीन घालून देऊ, असा त्यांचा विचार. जागाही त्यांनी विचार करून निवडली: युरॅसिलमधला पाचवा कार्बन. (औषधाच्या नावातला ‘५’ तो हाच.) डीएनएसाठी लागणारे थायमिन तयार होताना नेमक्या त्याच कार्बनवर मिथाइल गट (एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचा जुडगा) जोडला जातो आणि तिथला हायड्रोजन सुटतो. फ्लोरीन सुटत नाही. ते काम करणारे एन्झाइम, थायमिडिलेट सिंथेस, औषधाला धरते आणि तसेच अडकून पडते. थायमिनविना डीएनएची नक्कल होत नाही, आणि भराभर विभागणारी पेशी मरते. हॉफमन-ला रोश कंपनीतल्या डुशिन्स्की यांच्या मदतीने हे रेणू तयार झाले, १९५७ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांची माहिती आली आणि १९६२ मध्ये औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. आधी कागदावर योजून मग तयार केलेल्या कर्करोगाच्या सुरुवातीच्या औषधांत त्याचा नंबर लागतो. आतडे, जठर, स्तन अशा कितीतरी कर्करोगांत ते आजही रोजच्या वापरात आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे.

माझ्या मोठ्या बहिणीला मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी हेच औषध दिले होते. बाकीची सलाइने दोन-तीन तासांत संपायची, पण याची प्लॅस्टिकची बाटली कमरेच्या पिशवीत घालून ती घरी यायची. आतला रबरी फुगा ४६ तास हळूहळू आक्रसत राहायचा. झोपताना ती बाटली उशीखाली सरकवायची आणि नळी वळली तर नाही ना, हे रात्री उठून चाचपायची. एकदा वैतागून म्हणाली, “अरे, बाकीची औषधं कशी पटकन जातात, हेच का दोन-दोन दिवस लोंबकळतंय?”

त्याचे उत्तर यकृतात आहे. रक्तात शिरलेले ५-फ्लुओरोयुरॅसिल १० ते २० मिनिटांत निम्मे होते. दिलेल्या औषधातले ८० टक्क्यांहून अधिक औषध डीपीडी नावाचे एन्झाइम निकामी करते, आणि यातले बरेचसे काम यकृतात उरकते. हे एन्झाइम म्हणजे युरॅसिल मोडणारे तेच एन्झाइम. म्हणून औषधाचा झरा सतत चालू ठेवावा लागतो. ताईला मी हे सांगितले तेव्हा तिने बाटलीकडे बघून नुसते “बरं” म्हटले. औषधाने तळहातांची सालपटे निघत होती, तिला त्या वेळी जीवरसायनात रस असणे शक्यच नव्हते.

हे मोडतोडीचे गणित ज्यांनी सर्वांत चिकाटीने मांडले ते इंडियाना विद्यापीठातले जॉर्ज वेबर. हॅरॉल्ड मॉरिस यांनी उंदरांत यकृताच्या गाठींचे वेगवेगळे वाण तयार करून ठेवले होते. काही इतक्या सावकाश वाढणाऱ्या की सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ यकृतच वाटाव्या, तर काही भराभर फोफावणाऱ्या. वेबर यांनी त्या वेगाच्या क्रमाने लावल्या आणि प्रत्येकीत न्यूक्लिक आम्लाचे घटक घडवणारी आणि मोडणारी एन्झाइम मोजत गेले. गाठ जितकी वेगवान, तितकी घडवणारी वर आणि मोडणारी खाली. थायमिडीन (थायमिनला साखर जोडलेला घटक) दिले तर निरोगी यकृत त्यातले बहुतेक मोडून टाकते. चपळ गाठ ते डीएनएकडे वळवते. कर्करोगाच्या पेशीत सगळाच गोंधळ असतो, असे मानण्याकडे कल होता. वेबर यांच्या आकड्यांनी त्या गोंधळात एक शिस्त दाखवली. माझ्या मते हे काम औषधाच्या शोधाइतकेच मोलाचे आहे, फक्त त्याची बातमी होत नाही.

मग यकृताच्या कर्करोगावरच हे औषध का फसते? कारणे अनेक आहेत. यकृत बहुधा सिरोसिसने, म्हणजे व्रण पडून घट्ट झाल्याने, आधीच थकलेले असते आणि केमोचा मारा सोसत नाही. शिवाय परके रसायन मोडायची, बाहेर फेकायची यकृताची जुनी सवय गाठीतल्या पेशींतही पुष्कळदा शिल्लक राहते. म्हणूनच २००७ मध्ये सोराफेनिब येईपर्यंत या रोगावर आयुष्य वाढवणारे, पोटात घ्यायचे असे औषधच नव्हते. लेखकाने हा भाग नीट दिला आहे.

पण यकृताच्या रुग्णाला काहीच मिळाले नाही, हे मात्र चूक. हा कर्करोग जगात दरवर्षी साडेसात लाखांहून अधिक बळी घेतो आणि त्यामागे हिपॅटायटिस बी आणि सी या विषाणूंचा मोठा हात आहे. बी विषाणूला दाबून ठेवणारी एन्टेकॅव्हिर आणि टेनोफोव्हिर ही औषधे म्हणजे न्यूक्लिक आम्लाच्या घटकांच्या नकलाच. ती नियमित घेणाऱ्यांत यकृताच्या कर्करोगाचा धोका कमी होतो. सी विषाणूवर २०१३ मध्ये आलेले सोफोसबुव्हिर तर पाहण्यासारखे आहे. त्यातही युरॅसिल आहे आणि फ्लोरीनही. फक्त फ्लोरीन या वेळी युरॅसिलला जोडलेल्या साखरेवर बसवला आहे. रेणूवर असे आवरण चढवले आहे की गोळी पोटात गेल्यावर यकृत तो पकडते, आवरण काढते आणि औषध तिथेच कामाला लागते. इतर औषधांच्या जोडीने साधारण तीन महिन्यांत बहुतेक रुग्णांतून हा विषाणू नाहीसा होतो.

सोफोसबुव्हिर फिलाडेल्फियाच्या उंदरांतून थेट निघाले, असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर लेखकाने एका टोकाला केलेली घाई मी दुसऱ्या टोकाला केली असे होईल. मधे बरेच लोक आहेत. न्यूक्लिक आम्लाच्या घटकांच्या नकलांतून औषधे घडवणारे, १९८८ चे नोबेल मिळालेले जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन हे त्यातले ठळक. पण असा नकली घटक पेशी केव्हा स्वीकारते, त्यावर फॉस्फेट कोण चढवते, त्याला मोडते कोण, ही माहिती हातात नसती तर हे रेणू कोणी योजले असते? ती माहिती ज्या कामातून साठत गेली, त्यातले बरेच काम उंदरांच्या यकृतावरच झाले आहे.

शेवटी एक विनंती. काही जणांत डीपीडी हे एन्झाइम जन्मतःच कमी असते. युरोपीय वंशाच्या लोकांत हे प्रमाण ९ टक्क्यांपर्यंत सांगितले जाते. त्यांना नेहमीच्या मात्रेतले ५-फ्लुओरोयुरॅसिल किंवा त्याचीच गोळी असलेले कॅपेसिटाबिन जिवावर बेतू शकते. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२० पासून उपचाराआधी याची तपासणी करण्याची शिफारस केली आहे. ती जनुकांवरून करता येते किंवा रक्तातले युरॅसिल मोजूनही. या विषबाधेवर उताराही आहे: युरिडीन ट्रायअ‍ॅसिटेट, २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला, पण तो औषध थांबल्यापासून ९६ तासांच्या आत सुरू करावा लागतो. आपल्या पुरवणीच्या वाचकांत केमो सुरू होणार असलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक नक्कीच असतील. या तपासणीबद्दल डॉक्टरांना काय विचारावे, यावर पुढच्या अंकात एक छोटी चौकट द्यावी. लेखातली ती दोन ओळींची दुरुस्ती त्याच चौकटीखाली आली तरी चालेल.

आपला,
एक वाचक, निवृत्त प्राध्यापक (जीवरसायनशास्त्र)