काकूंची वही आधी बघ

बेंगळुरू
रविवार

प्रिय भावड्या,

तुझी मेसच्या ॲपची फाइल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. फोनच केला असता, पण या विषयावर तू बोलायला लागलास की समोरच्याला 'हं' म्हणण्यापुरतीच फट ठेवतोस. म्हणून लिहितोय. सावकाश वाच आणि मध्येच उत्तर टाइप करायला घेऊ नकोस.

कल्पना वाईट नाही. सदाशिव पेठेतल्या एमपीएससीच्या पोरांच्या मेस. पोरांनी सकाळी ॲपवर सांगायचं, आज येणार की नाही. काकूंना नऊ वाजता पक्का आकडा, अन्न वाया जाणार नाही, खाडे आपोआप वजा, महिन्याचे पैसे यूपीआयने. आपण दोघांनी त्या पेठेत जेवढं पाण्यासारखं वरण प्यायलं आहे, त्या पुण्याईवर मला हे चित्र लगेच डोळ्यांपुढे आलं. माझी गाडी अडली ती सातव्या पानावर. तिथे तू लिहितोस की अभ्यासिकांमधून फॉर्म फिरवला आणि नव्वद टक्के मुलं म्हणाली, 'हो, असं ॲप वापरू'. एवढ्या जोरावर तू डेव्हलपर कंपनीला आठ लाखांचं काम द्यायला निघालास, त्यातले तीन लाख आगाऊ.

अरे, आपल्याकडे तोंडावर 'नाही' कोण म्हणतं? 'छान उपक्रम आहे', 'मराठी माणसाने धंद्यात उतरलंच पाहिजे', 'झालं की सांगा, पहिला ग्राहक मी'. असं म्हणणारा माणूस खोटारडा नसतो. त्याला तू आवडतोस, तुला नाउमेद करायचं त्याच्या जिवावर येतं, आणि 'हो' म्हणायला त्याला छदामही लागत नाही. अभ्यासिकेत पेंगुळलेल्या पोराला तर फॉर्म भरणं म्हणजे पाच मिनिटांची सुट्टीच. त्या नव्वद टक्क्यांतून मला एवढंच कळतं की मुलं सुसंस्कृत आहेत.

म्हणून मत विचारूच नकोस. गेल्या महिन्यात काय घडलं ते विचार, आणि तेही आधी मुलांना नाही, काकूंना. दुपारची पंगत आटोपून तीनच्या सुमाराला त्या जरा टेकतात, तेव्हा जा. बाराला गेलास तर हाकलून देतील आणि ते बरोबरच असेल. ॲपचा शब्दही काढू नकोस. काल किती ताटं झाली? तुमचा अंदाज किती होता? उरलेल्या भाजीचं काय केलंत? कणीक किती भिजवायची हे कशावरून ठरवता? गेल्या महिन्यात कुणी पैसे बुडवून गावी गेलं का? खाडे कुठे लिहिता? आणि मग म्हण, ती वही जरा बघू का.

तुझ्या सादरीकरणात जे नाही ते त्या वहीत सापडेल. कुणाच्या नावापुढे 'गावी' लिहिलेलं असेल, कुणाच्या पुढे 'बाकी', कुणाचं नाव दोनदा खोडून परत लिहिलेलं. कदाचित वही नसेलच, सगळा हिशेब डोक्यात असेल. तेही कळायला हवं. अन्न वाया जाण्याचा त्यांना खरोखर जाच होत असता तर आजवर काहीतरी खटपट झाली असती. दारात फळा लागला असता, कुपनं छापली असती, व्हॉट्सॲपवर ग्रुप निघाला असता. ज्या त्रासावर कुणी फुकटचाही उपाय करून पाहिलेला नाही, त्यासाठी तो दरमहा पैसे मोजेल असं मला वाटत नाही.

आता तुझ्या फाइलमध्ये कुठेच न दिसलेली गोष्ट. मेसचा महिना आगाऊ भरलेला असतो. सलग काही दिवस नसाल आणि आधी सांगितलंत तरच खाडा, नाहीतर पैसे गेले, असाच आपल्या वेळचा रिवाज होता आणि अजूनही फारसा बदलला नसावा. म्हणजे जो पोरगा न सांगता मित्राकडे वडापाव खाऊन झोपतो, त्याच्या ताटाचे पैसे काकूंकडे आलेले असतात आणि ताट वाचलेलं असतं. माझा अंदाज असा की महिन्याचा दर बसवतानाच 'पोरं तिसही दिवस जेवत नाहीत' हे त्यांनी धरलेलं असतं. तुझं ॲप काय करणार? एका बोटात खाडा. मुलांची चंगळ, काकूंच्या गल्ल्याला भोक. नव्वद टक्के 'हो' यातून तर आले नसतील? आणि वर्गणी तू कुणाकडून घेणार? काकूंकडून, महिना नऊशे रुपये. ज्यांचा तोटा करायचा त्यांच्याकडूनच त्याचे पैसे मागायचे, हे जरा धाडसाचं आहे.

कदाचित उलटंही असेल. डाळी आणि सिलिंडरचे भाव बघता उरलेल्या अन्नाचा तोटा खाड्यातल्या फायद्याहून मोठा असू शकेल. पण हे इथे बसून मला ठरवता येणार नाही आणि हिंजवडीत बसून तुलाही.

इथलीच रेडबसची गोष्ट घे. २००५ च्या दिवाळीत फणींद्र सामाला बेंगळुरूहून घरी जायला बसचं तिकीट मिळालं नाही आणि त्यातून त्याने बिट्स पिलानीच्या मित्रांबरोबर कंपनी काढली, इथवर सगळ्यांना पाठ आहे. मधला भाग कुणी सांगत नाही. त्यांनी आधी सॉफ्टवेअर केलं ते बसमालकांसाठी, सीटांचा हिशेब ठेवणारं. मालकांनी ते घेतलं नाही. वही आणि फोनवर त्यांचं भागत होतं. त्यांना हिशेब सोपा व्हायला नको होता, सीट भरायला हवी होती. तेव्हा या पोरांनी मोजक्या सीट विकायला मागून घेतल्या, आयटी कंपन्यांच्या बाहेर उभं राहून कार्डं वाटली आणि २००६ मध्ये थेट प्रवाशांना तिकिटं विकायला सुरुवात केली. २०१३ मध्ये ती कंपनी इबिबोने विकत घेतली. बसमालक आणि मेसवाल्या काकू मला एकाच पठडीतले ग्राहक वाटतात. काकूंना रोजचा आकडा कदाचित नकोच असेल. परीक्षा झाल्यावर रिकाम्या झालेल्या जागांवर नवी पोरं कुठून आणायची, ही त्यांची काळजी असेल. तसं निघालं तर तुझा धंदाच वेगळा आहे, आणि आठ लाखांचं ते ॲप त्यात कुठेच बसत नाही.

समजा काकू म्हणाल्या, आकडा हवाच. तरी ॲप नको. एक मेस घे, तिथल्या मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप कर, रोज सकाळी साडेआठला पोल टाक: दुपारी जेवणार? रात्री जेवणार? साडेनऊला तू स्वतः मोजायचं आणि काकूंना फोन करून आकडा सांगायचा. ऑफिस सांभाळून होतं, मी हिशेब केलाय, तू नाहीतरी त्या वेळी कॅबमध्ये रील बघत असतोस. पहिल्या आठवड्यात सगळे उत्साहाने उत्तर देतील, त्याकडे लक्ष देऊ नकोस. तिसऱ्या आठवड्यात किती जण देतात ते बघ. जो उत्तर देत नाही तो जेवायला येतो की नाही ते बघ. आणि मुख्य म्हणजे तू 'आज अठ्ठेचाळीस' सांगितल्यावर काकू कणीक अठ्ठेचाळिसांची भिजवतात की नेहमीचीच साठांची. तुझा आकडा ऐकूनही परात तेवढीच भरत असेल, तर त्यांचा तुझ्यावर विश्वास नाही किंवा त्यांना त्याची गरज नाही. दोन्हीतलं काय, ते तिथल्या तिथे विचारता येईल. ॲपच्या आलेखात ते कधीच दिसणार नाही.

हे असं हाताने करण्यात कमीपणा वाटून घेऊ नकोस. झोमॅटोवाले दीपिंदर गोयल आणि पंकज चढ्ढा दिल्लीला बेन या सल्लागार कंपनीत नोकरीला होते. ऑफिसातले लोक जेवणाच्या वेळी मेन्यूकार्डांसाठी खोळंबतात हे बघून त्यांनी ती कार्डं स्कॅन करून ऑफिसच्या अंतर्गत जाळ्यावर टाकली. लोक ती खरंच उघडतात असं दिसल्यावर २००८ मध्ये फूडीबे नावाची साइट आली, आणि झोमॅटो हे नाव २०१० मध्ये. अमेरिकेत ऑनलाइन बूट विकणाऱ्या झॅपोसच्या निक स्विनमर्नने तर १९९९ मध्ये एकाही बुटाचा साठा केला नव्हता. जवळपासच्या दुकानांतल्या बुटांचे फोटो काढून साइटवर लावले. ऑर्डर आली की त्याच दुकानातून जोड विकत घ्यायचा आणि पाठवायचा. त्यात सुटत काहीच नव्हतं. पायात घालून न बघता माणूस बूट घेतो का, एवढंच त्याला बघायचं होतं.

आपल्याकडे लिज्जतची सुरुवात बघ. १५ मार्च १९५९, गिरगाव, सात बायका, उसने घेतलेले ऐंशी रुपये आणि पहिल्या दिवशी चार पाकिटं पापड. भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याने ते घेतले. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला: पापड खाटेवर, स्टोव्ह खाली. मला त्यातला क्रम आवडतो. आधी विक्री झाली, मग अडचण आली, मग खाट आली. तू खाटेपासून सुरुवात करतोयस, आणि तीही सागवानी.

तू लगेच किर्लोस्करांना पुढे करशील. पलूसचा माणूस, दुसरं काय करणार. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्यांना विचारलं असतं तर लोखंडी नांगर निघालाच नसता, असं म्हणशील. खरं आहे. लोखंडाने जमीन नासते असा समज होता आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. लोकांचं 'नको' ऐकून ते बसले असते तर आज तुझ्या गावाशेजारच्या स्टेशनला किर्लोस्करवाडी हे नावही नसतं. पण किर्लोस्करवाडी १९१० ची, नांगर त्याच्या आधीचा. आधी वसाहत वसवून मग शेतकरी शोधलेले नाहीत. लोकांच्या 'नको'ला पुरून उरायचं असेल तर ते 'नको' का आहे हे ठाऊक हवं, आणि तोवर तग धरायला पैसे शिल्लक हवेत. तुझे आठ लाख पहिल्याच घासाला संपले तर दोन वर्षं तू कशावर काढणार, वहिनींच्या पगारावर?

तर महिना झाला की पैसे माग. हा भाग तुला जड जाणार, कारण तू कॉलेजात कुणाकडे चहाचे उसने पैसेही परत मागितले नाहीस. तरी माग. 'काकू, पुढच्या महिन्यापासून हे चालू ठेवायचं तर नऊशे रुपये, आगाऊ.' आणि गप्प बस. 'विचार करून सांगते', 'ह्यांना विचारते', 'दिवाळीनंतर बघू' यातलं काहीही आलं तर ते 'नाही' म्हणून लिही. 'दोनशे देईन' असं उत्तर आलं तर मला फार आनंद होईल. ते नऊशेच्या कौतुकाहून पक्कं आहे, आणि घासाघीस करणाऱ्याला वस्तू हवी असते. आणखी एक: आपल्या जुन्या काकूंकडे ही चाचणी करू नकोस. त्या तुझ्यावर माया करतात, नऊशे काढून देतील आणि तुला वाटेल धंदा जमला. जिथे तुला कुणी ओळखत नाही अशी मेस शोध, नारायण पेठेत बघ, शनिवार पेठेत बघ. एका मेसवर तर काहीच ठरवू नकोस, थोड्याबहुत फरकाने तीन-चार ठिकाणी करून बघ.

सुरू करण्याआधी मला एक आकडा लिहून पाठव. किती मेसमधून रोख पैसे आले तर पुढे जायचं आणि किती आले तर हा नाद सोडायचा. नंतर ठरवायला बसलास तर जो आकडा आला असेल तोच पुरेसा होता असं सिद्ध करशील. गल्लीत क्रिकेट खेळताना पंच तूच असायचास आणि तू कधी बाद झाला नाहीस, हे मी विसरलेलो नाही. मी तो आकडा जपून ठेवीन आणि वेळ आली की तुझ्यापुढे धरीन.

त्या डेव्हलपर कंपनीला सध्या फक्त 'थांबा' म्हण. महिन्याअखेर सही केली तर सवलत, असं ते म्हणताहेत ना? म्हणू देत. सवलत पुढच्या महिन्यातही असते. आणि हे सगळं परीक्षेच्या आधी उरक, पूर्वपरीक्षा झाली की पेठ निम्मी रिकामी होते आणि मग तुला मिळणारे आकडे कशाचेच नसतील.

पुढच्या महिन्यात मी पुण्याला येतोय. एखाद्या शनिवारी तीन वाजता तुझ्याबरोबर यायची तयारी आहे, प्रश्न तू विचार, मी मागे बसून लिहून घेईन. वहिनींना नमस्कार सांग. पोराची दहावी कशी चाललीय ते कळव.

तुझा,
जुना रूममेट