उशीवर डोकं ठेवून बघ

मालवण, १० ऑगस्ट

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू रडत होतीस आणि मी ‘बरं बरं’ म्हणून फोन ठेवला, कारण दारात पाहुणे उभे होते. एवढ्या पावसात दोघं कुठून उगवली देव जाणे! किल्ल्याच्या होड्या बंद, समुद्रात उतरायची सोय नाही. दोन दिवस ओटीवर बसून कुळथाची पिठी जेवली आणि खूश होऊन गेली.

तर तुझं रडणं. ‘एवढी प्रवेश परीक्षा देऊन दादरला हॉटेल मॅनेजमेंट शिकायला आले, आणि ट्रेनिंगला हॉटेलात रोज चौदा खोल्यांचे संडास घासते.’ बाबा म्हणाले, तिला परत बोलव. मी गप्प राहिले. मला ती पुण्याची बाई आठवली. आपल्या न्याहारी-निवासाचं ते दुसरंच वर्ष. सुरमई, सोलकढी, घावणे, सगळं तिने वाखाणलं, आणि निघताना मला हळूच न्हाणीघरात नेऊन जाळीत अडकलेले केस दाखवले. माझेच असावेत. मी पाचशे रुपये कमी केले आणि दिवसभर तिलाच मनात शिव्या घातल्या. पुढच्या वर्षी ती आली नाही. जेवण आवडूनही आली नाही, हे मला आजही बोचतं.

तेव्हापासून खोली आवरून झाली की मी पाहुण्याच्या उशीवर डोकं ठेवून दोन मिनिटं पडते. पंख्याच्या पात्यावरची धूळ तिथूनच दिसते, उभ्याने दिसत नाही. हे तुला तिथे कोणी सांगितलं का?

मला मात्र तुझ्याकडून दुसरंच हवंय. तू मागे वहीत लिहून दिलेला हिशेब मी मे महिन्याला लावून पाहिला. चार खोल्या, ३१ दिवस, म्हणजे १२४ रात्री. त्यातल्या ९७ भरल्या. ७८ टक्के! मी हुरळले. मग मागचं अख्खं वर्ष मांडलं: १४६० पैकी ४५२. ३१ टक्के. म्हणजे दहातल्या सात रात्री आपल्या गाद्या रिकाम्या. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा झाला, २०२५ साली किल्ला युनेस्कोच्या यादीत गेला, पण पावसाळ्यात इथे काय दाखवायचं हे अजून कोणाला सुचलेलं नाही. तुझ्या अभ्यासात यावर काही असेल तर ते आधी शीक.

सुरमईचंही तसंच. आठशे रुपये किलोने घेतली की शंभर ग्रॅमचा तुकडा ऐंशीला पडतो, असं मी इतकी वर्षं धरत होते. तू म्हणालीस, डोकं-शेपूट-आतडी जाऊन किलोचे सातशे ग्रॅमच उरतात, तुकडा ११४ ला पडतो. तीनशेच्या ताटात नुसता मासाच ११४! पण बाय माझे, डोकं आपण टाकतो कुठे? त्याचं तिखलं होतं, आणि पाहुणे तेच मागून घेतात. तुमच्या मास्तरांना विचार, डोक्याचे पैसे कुठल्या रकान्यात मांडायचे. तोवर ताटाचे दर मी वाढवत नाही.

तुझं कॉलेज १९५४ साली लीलावती मुन्शी आणि त्यांच्या महिला अन्न परिषदेच्या पुढाकाराने निघालं, असं तूच सांगितलंस. अन्नाच्या टंचाईचा काळ होता. त्या बायकांनी डोकी फेकली नसणार.

चतुर्थीला रजा नाही म्हणालीस. आपल्याकडे तरी मे महिन्यात रजा कोणाला असते? आरतीच्या वेळी व्हिडिओ कॉल लावीन, जमलं तर घे. तुतारी एक्सप्रेसने शेजारचे काका येतायत. त्यांच्याकडे कोकमाच्या आगळाची बाटली आणि कुळथाचं पीठ दिलंय. बाटलीचं बूच सैल आहे, उभीच धर. हाताला खोबरेल लाव, त्या फिनेलने साल निघते.

तुझी,
आई