सोनीच्या नववीबद्दल

लिलाँग्वे, मलावी
१८ मे

ती. दादा व वहिनीस सा. न. वि. वि.

सोनीची आठवी झाली आणि पुढं घालायचं नाही असं तुमचं ठरतंय, हे आईनं फोनवर सांगितलं. बोलायला गेले असते तर रडूच आलं असतं, म्हणून लिहितेय.

दादा, तुझी काळजी मला कळते. हायस्कूल सात किलोमीटर, दिवाळीच्या आगेमागे तुम्ही दोघं ऊसतोडीला कारखान्यावर. पोर सोबत नेली तर शाळा सुटते, आणि फडावर जो तो विचारतो, "यंदा उजवणार का?" मुकादम जोडप्याचाच कोयता धरतो, नवरा-बायको मिळूनच कामाला घेतो, म्हणून तर आपल्याकडं लग्नाची एवढी घाई.

इथंही प्राथमिक शाळा आठवीपर्यंतच. ती १९९४ पासून मोफत आहे, पण पुढची शाळा लांब. इस्पितळात आमच्या वॉर्डात सफाईला येणाऱ्या बाईंची मुलगी डेड्झा जिल्ह्यात शिकते, शाळेजवळ तिघीजणींनी खोली घेतलीय. फेब्रुवारीत भर पावसात भेटली. डोक्यावर प्लास्टिकची बादली, आत आठवड्याचं मक्याचं पीठ. झाकण काढलं तर पिठावर पिशवीत गुंडाळलेल्या वह्या. म्हणाली, "कोरडी जागा एवढीच."

त्याच जिल्ह्यात थेरेसा काचिंदामोटो या बाई गावप्रमुखांच्याही वरच्या पारंपरिक प्रमुख होत्या. त्यांनी शेकडो बालविवाह मोडले, पोरींना परत शाळेत धाडलं, अशी लग्नं होऊ देणाऱ्या गावप्रमुखांना पदावरून दूर केलं. लग्नाचं वय १८ करणारा इथला कायदा २०१५ मध्ये आला. आईबापांच्या संमतीची पळवाट मात्र राज्यघटनेत राहिली होती, ती २०१७ मध्ये बुजवली. पण लग्न मोडलं तरी शाळेपर्यंत जायची सोय लागतेच, ती बादली कुणीतरी भरून द्यावी लागते.

आपल्याकडं सोय आहे, दादा. अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास फुकट मिळतो, हायस्कूलच्या ऑफिसात विचार. शाळेच्या वेळेला गाडी नसेल तर चार बापांनी मिळून आगारात अर्ज द्या, एकट्याचं कुणी ऐकत नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृहंही निघालीत, मुलींचं वेगळं असतं. वहिनी, तुम्ही स्वतः जाऊन बघून या. खोल्या, संडास, दाराची कडी, रात्री कोण बाई असते, सगळं विचारा. मन घेतलं नाही तर आई सोनीपाशी राहील. मी आईशी बोललेय. किराणा आणि वह्यापुस्तकांचे पैसे दर महिन्याला मी पाठवीन.

मी सातवीत होते तेव्हा अण्णांनी माझं बोचकं ट्रॅक्टरवर टाकलं होतं. ते तू खाली काढलंस. "हिला आजीपाशी राहू द्या, हिच्या वाटच्या मोळ्या मी बांधतो," म्हणालास. तू तेव्हा दहावीत होतास, आणि परत शाळेत गेला नाहीस. नर्सिंगचा दाखला हातात आला त्या दिवशीही मला तो ट्रॅक्टरच दिसत होता.

मुकादमाकडून यंदाची उचल, ते आगाऊ पैसे, घेण्याआधी मला फोन कर. रविवारी मला सुट्टी असते. सोनीलाही दे फोन, नववीत तिला कुठले विषय आवडतील ते तिच्याच तोंडून ऐकायचंय.

तुझी,
माई