चाचा, गाडी आता पहाटे सुरू होते

आदरणीय चाचा,
सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार समोर येऊन मानलेच आहेत. तरी हे पत्र उघड लिहितोय, कारण डिसेंबर-जानेवारी आला की परभणी-हिंगोलीकडं जुन्या डिझेल गाड्यांचे कितीतरी मालक अंदाजानं बॅटऱ्या बदलत बसतात. तुम्ही माझ्या गाडीचं दुखणं कसं शोधलंत, ते त्यांनाही कळावं.

आपल्याकडची थंडी मोठी फसवी. पहाटे पारा सात-आठ अंशांवर, कधी त्याच्याही खाली. कृषी विद्यापीठात नोंदलेला आकडा पेपरात वाचून पुण्याचे पाहुणे फोन करतात. दुपारी मात्र स्वेटर काढून ठेवावा लागतो. गाडी अडते पहाटे आणि गॅरेज उघडतं दहाला. तोवर धक्का मारून ती कशीबशी सुरू केलेली असते, इंजिन तापलेलं असतं आणि मेकॅनिकसमोर ती अर्ध्या सेल्फवर उठते. मग जो तो आपापला अंदाज सांगतो. कुणी बॅटरी म्हणालं, कुणी सेल्फ, एकानं तर इंजिनला डिझेल पुरवणारा पंप खोलायचीच तयारी केली होती. इकडं वडिलांना सकाळी लवकर डायलिसिसला न्यायचं. तिथली वेळ हुकली की सगळा दिवस कोलमडतो.

तुम्ही बोनेटसुद्धा उघडलं नाहीत. म्हणालात, “रात्री गाडी इथंच लावा. सकाळी मी येईपर्यंत कुणी चावी लावायची नाही.” गार इंजिनातला दोष गार इंजिनातच बघायचा, हे इतकं साधं असून तोवर कुणालाच सुचलं नव्हतं.

सकाळी आधी बॅटरी मोजलीत. नुसती असताना १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.४. दहाच्या वर टिकते म्हणजे बॅटरी ठणठणीत, तिच्यावर एक रुपया घालायचा नाही, असं स्पष्ट सांगितलंत. तरी इंजिन जड फिरत होतं. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी थेट इंजिनच्या धातूवर टेकवून मला पुन्हा सेल्फ मारायला लावलात. अर्धा व्होल्टसुद्धा जिथं जास्त, तिथं सव्वा व्होल्ट! म्हणजे वाटेत कुठंतरी करंट अडत होता. इंजिनकडं जाणारी अर्थिंगची वायर बोल्टपाशी आतून हिरवी पडली होती. वरून बघणाऱ्याला ती धडधाकटच दिसली असती.

वायर बदलल्यावर इंजिन जोरात फिरायला लागलं, पण पेट घेईना. सायलेन्सरमधून पांढरा धूर येत होता. त्या धुराकडं बोट दाखवून तुम्ही म्हणालात, “डिझेल पोचतंय, जळत नाही.” म्हणजे पंपाला हात लावायचं कारण नव्हतं. मोठा खर्च तिथंच वाचला.

मग हीटर प्लग. त्यांचं काम तुम्ही माझ्या मुलाला ज्या आपुलकीनं समजावलंत, ते मी विसरणार नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली की ती तापते आणि त्या उष्णतेनं डिझेल पेटतं. थंडीत गार लोखंड ती उष्णता शोषून घेतं, म्हणून या जुन्या इंजिनांत चावी फिरवल्यावर आधी प्लग लाल व्हावे लागतात. चारही प्लगांना जोडणारी पट्टी तुम्ही आधी सोडवलीत. ती तशीच ठेवून मोजलं तर चांगले प्लग मेलेल्यांना झाकतात, हे सांगायलाही विसरला नाहीत. टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावून एकेका प्लगच्या टोकाला पिन टेकवलीत. पहिल्यावर दिवा लागला, दुसऱ्यावर नाही, तिसऱ्यावर नाही, चौथ्यावर लागला. मुलगा श्वास रोखून बघत होता.

दोन प्लग मेलेले आणि अर्थिंग कुजलेली. इंजिन हळू फिरलं की दाबलेली हवा निसटते, पुरेशी तापत नाही. त्यात प्लगांचीही साथ नाही. दोन्ही दोष एकमेकांत मिसळलेले होते, आणि म्हणूनच बाकीच्यांना नेमकं काही हाती लागत नव्हतं. तुम्ही चारही प्लग नवे बसवलेत आणि डॅशबोर्डवरचा हीटरचा दिवा विझल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही, अशी ताकीद दिलीत.

आणखी एक गोष्ट सगळ्यांनी ऐकावी. शेजारच्या ड्रायव्हरनं एअर फिल्टरपाशी स्टार्टिंग स्प्रे मारायचा सल्ला दिला, तेव्हा तुम्ही त्याला जोरात अडवलंत. आत लाल झालेला प्लग असताना तो स्प्रे गेला तर वेळेआधीच भडका उडतो, पिस्टन फुटू शकतो, माणूसही भाजतो. गाडी सुरू करायला तिथं पेटता बोळा धरणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं.

चाचा, कडाक्याच्या थंडीत तुम्ही उजाडायच्या आत गॅरेजवर आलात, त्याचे पैसे घेतले नाहीत. नुसत्या सामानाचे घेतलेत. मी आग्रह केला तर म्हणालात, “आधी अब्बांना वेळेवर पोचवा.” वडील आता वेळेवर पोचतात. त्यांनी तुम्हाला सलाम सांगितलाय.

शेतातली ज्वारी हुरड्यावर आली आहे. चाचीला, पोरांना घेऊन रविवारी या. सकाळी न्यायला मीच येतो, त्याच गाडीनं.

तुमचा ऋणी,
तुमचा एक गिऱ्हाईक